धाराशिवला स्वतःचा संघ हवा आहे

प्रति,
श्री. अमित बर्मन,
प्रवर्तक, अल्टिमेट खो-खो



तुम्ही आणि भारतीय खो-खो महासंघाने मिळून उभ्या केलेल्या लीगचे दोन हंगाम आम्ही पाहिले. पहिला २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुण्यात, शिवछत्रपती क्रीडानगरीत झाला. दुसरा २०२३ च्या डिसेंबरअखेरीस कटकला सुरू झाला आणि २०२४ च्या जानेवारीत संपला. पहिल्या अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजवर ४६-४५ अशी एका गुणाने मात केली, तेव्हा शाळेच्या पटांगणातला हा खेळ टीव्हीवर इतका देखणा दिसू शकतो याचा आम्हाला अभिमान वाटला. वजीर, पॉवरप्ले यांसारखे नवे नियम, मॅटवरचे सूर हे सगळं लोकांनी आपलंसं केलं. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

पत्र मराठीत लिहितो आहे. तुमच्या संघांमध्ये मराठी मुलं पुष्कळ आहेत, त्यांच्यापैकी कोणीही ते तुम्हाला समजावून सांगेल. आणि ज्यांच्या जिवावर ही मागणी करतो आहे, त्या माझ्या जिल्ह्यातल्या लोकांनीही ते वाचायला हवं.

धाराशिव म्हणजे २०२३ पर्यंत ज्याचं अधिकृत नाव उस्मानाबाद होतं तो जिल्हा. आठ तालुके, २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाख माणसं, आणि जिल्ह्याचं शहर सव्वा लाखाच्याही आतलं. पाऊस आला तर आला. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्राचे जे चार जिल्हे आहेत, त्यांतला हा एक. संघ विकत घेणारी कंपनी जेव्हा गिऱ्हाईक कुठे आहे ते बघते, तेव्हा तिची नजर आमच्यावर ठरत नाही हे मला समजतं.

खो-खोचा हिशेब मात्र वेगळा आहे. सारिका काळे इथली. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाची ती कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा मान २२ वर्षांनी आला होता. त्या वेळी ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून नोकरी करत होती. पत्रकारांशी बोलताना तिने सांगितलं होतं की जवळजवळ दहा वर्षं तिने एकवेळच्या जेवणावर काढली. २०१६ मध्ये पैशांच्या ओढाताणीपायी खेळ सोडायचं तिच्या मनाने घेतलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत काढली म्हणून ती मैदानावर परतली. ज्या वर्षी देशाला सुवर्णपदक मिळवून दिलं, त्याच वर्षी खेळ सोडायची वेळ यावी, हे नुसतं एका मुलीचं दुःख म्हणून सोडून देता येत नाही. या खेळात कौशल्याला मिळकतीची जोड नव्हती, असा त्याचा सरळ अर्थ आहे. पुढे २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

आणि तुमच्या लीगचे दोन्ही हंगाम पुरुषांचे झाले.

म्हणून मागणी आधीच सांगून टाकतो. महिलांची लीग सुरू करा आणि तिच्यातला एक संघ धाराशिवचा असू द्या. हा संघ इथे राहणारा, इथे सराव करणारा, घरचे सामने इथे खेळणारा आणि इथल्या लोकांच्या मालकीचा हवा. यावर तुमचा पहिला प्रश्न पैशांचा असेल आणि तो रास्त आहे. पुढचं सगळं पत्र त्याच प्रश्नावर आहे.

लहान बाजारपेठेतल्या शहराने व्यावसायिक संघ सांभाळायचा म्हणजे काय, याचं एक ठळक उदाहरण एका मराठी आडनावाशी जोडलेलं आहे. मुंबईत जुहूला वाढलेले विवेक रणदिवे अमेरिकेला गेले, एमआयटीत शिकले, त्यांनी टिबको ही सॉफ्टवेअर कंपनी उभी केली आणि २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज या एनबीएमधल्या बास्केटबॉल संघाचे ते प्रमुख मालक झाले. सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी असली तरी पैसा आणि प्रसिद्धी लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोकडे. हा संघसुद्धा मूळ तिथला नव्हे. रॉचेस्टर, सिनसिनाटी, कॅन्सस सिटी असा मुक्काम हलवत हलवत तो १९८५ मध्ये सॅक्रामेंटोला आला. ज्या गावात पैसा कमी पडला ते गाव त्याने सोडलं. लहान गावाच्या संघाची सगळ्यात मोठी भीती हीच असते. हरण्याची सवय लोकांना होते, संघ निघून गेला तर मात्र मागे काहीच उरत नाही.

२०१३ च्या सुरुवातीला ती वेळ पुन्हा आली. तेव्हाचे मालक मलूफ कुटुंब संघ सिॲटलच्या गटाला विकायला निघालं. त्या गटात मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बाल्मर होते. त्यांनी बोली वाढवत नेली आणि संघाची एकूण किंमत साडेबासष्ट कोटी डॉलर धरली. रणदिवेंच्या गटाने धरलेली किंमत होती सुमारे ५३ कोटी ४० लाख डॉलर. बाजाराचा नियम लावला तर संघ सिॲटलला जायला हवा होता. लीगच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी तो हलवायला नकार दिला. सॅक्रामेंटोचे महापौर केव्हिन जॉन्सन स्वतः एनबीए खेळलेले. त्यांनी स्थानिक गुंतवणूकदार गोळा केले, आणि शहराने नव्या बंदिस्त स्टेडियमसाठी पैसे घालायची तयारी दाखवली. २०१६ मध्ये ते स्टेडियम उघडलं. खर्च ५५ कोटी डॉलरच्या आसपास, त्यात शहराचा वाटा सुमारे २५ कोटी, आणि तो उभा केला मुख्यतः शहराच्या पार्किंगच्या उत्पन्नावर कर्जरोखे काढून.

आता या संघाच्या पैशांच्या वाटा पाहा. तुमच्यासाठी मुद्दा इथेच आहे. एक वाट राष्ट्रीय प्रक्षेपणाच्या हक्कांची. ती रक्कम ३० संघांत समान वाटली जाते. न्यूयॉर्कला जेवढी, तेवढीच सॅक्रामेंटोला. २०२५-२६ पासून सुरू झालेला करार ११ वर्षांचा आणि सुमारे ७६ अब्ज डॉलरचा आहे. ढोबळ भागाकार केला तर सरासरीने वर्षाला संघामागे २० कोटी डॉलरहून जास्त. खेळाडूंच्या पगाराचा मोठा भार या एका वाटेवरून निघतो. दुसरी वाट स्थानिक. तिकिटं, गावातल्या जाहिराती, स्थानिक वाहिनी. इथे लहान गाव कायम मागे राहणार. तिसरी वाट लीगच्या अंतर्गत वाटपाची. श्रीमंत संघांकडून काही पैसा गरीब संघांकडे वळतो, आणि पगारावर ठरावीक मर्यादेपलीकडे खर्च करणाऱ्यांना जो दंडवजा कर भरावा लागतो, त्यातलाही वाटा मर्यादा पाळणाऱ्यांना मिळतो. पगाराला कमाल मर्यादा असल्याने मोठ्या शहराला पैशाच्या जोरावर सगळेच चांगले खेळाडू उचलता येत नाहीत. सॅक्रामेंटो टिकलं त्यात गावकऱ्यांच्या प्रेमाचा वाटा मोठा, पण या नियमांशिवाय ते प्रेम अपुरं पडलं असतं.

आणखी एक आकडा महत्त्वाचा. २००६ नंतर किंग्ज सलग १६ हंगाम प्लेऑफपर्यंत पोहोचले नाहीत. एनबीएच्या इतिहासात एवढा लांब दुष्काळ दुसऱ्या कोणत्याच संघाने पाहिलेला नाही. तो २०२३ मध्ये संपला. या काळातही संघाची किंमत चढतच होती. फोर्ब्सच्या अंदाजाने ती आता तीन अब्ज डॉलरच्या पुढे आहे, म्हणजे २०१३ च्या पाचपटीहून जास्त. हा फायदा सामने जिंकून झालेला नाही. लीगमध्ये जागा तीसच आणि घेऊ इच्छिणारे अब्जाधीश त्याहून जास्त, या टंचाईतून तो झाला. मालक दरवर्षीच्या ताळेबंदात तोटा सोसू शकतो, कारण विकायच्या दिवशी सगळं भरून निघणार याची त्याला खात्री असते. यातली एक गोष्ट मला खटकते. स्टेडियम शहराच्या मालकीचं आहे, पण संघाच्या वाढलेल्या किमतीत ज्या करदात्यांनी जोखीम घेतली त्यांचा वाटा नाही.

भारतातल्या खो-खोला या टंचाईचा आधार अजून नाही. तुमच्या संघाची किंमत दहा वर्षांनी पाचपट होईल, असं आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तेव्हा आज संघ घेणारा एकतर मोठा उद्योगसमूह हवा, ज्याच्या जाहिरातखर्चात हा तोटा विरून जातो, नाहीतर ज्याला किंमत वाढण्याशी देणंघेणंच नाही असा मालक हवा. पहिल्या प्रकारचे मालक तुमच्याकडे आहेत. गुजरातचा संघ अदानींचा, तेलुगू योद्धाज जीएमआरचा, राजस्थानचा संघ कॅप्री ग्लोबलचा. त्यांनी खो-खोत पैसा घातला याचा मला आनंद आहे. पण मोठ्या समूहाचं धोरण एका बैठकीत बदलतं आणि संघ त्या दिवशी पोरका होतो. भारतात व्यावसायिक बास्केटबॉलचे संघही असेच पोरके झाले. २०१५ मध्ये यूबीए लीग सुरू झाली, तिच्यात पुणे पेशवाज होते, मुंबई चॅलेंजर्स होते. २०१७ नंतर ती लीग राहिली नाही. पुण्यात बास्केटबॉल खेळणारी मुलं कितीतरी, पण तो संघ जाऊ नये म्हणून उभं राहण्याचा हक्क त्यांच्यापैकी कोणाकडे नव्हता.

दुसऱ्या प्रकारच्या मालकासाठी अमेरिकेतच विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे गावाकडे पाहा. गावाची वस्ती लाखाच्या आसपास, म्हणजे आमच्या धाराशिव शहराएवढीच. तिथला पॅकर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ १९२३ पासून लोकांच्या मालकीचा आहे. आज पाच लाखांहून जास्त भागधारक. या भागावर लाभांश मिळत नाही, तो नफ्याने विकता येत नाही, आणि उद्या संघ विकला गेला तरी पैसा भागधारकांच्या खिशात जात नाही, सार्वजनिक कामाकडे जातो. भागधारकाला मिळतं ते सभेत बसण्याचा, संचालक निवडण्याचा हक्क आणि दरवर्षी छापून निघणारा हिशेब. शंभर वर्षांत त्यांनी भाग विकले फक्त सहा वेळा, आणि अलीकडच्या वेळी तर स्टेडियमच्या कामासाठी. रोजचा खर्च भागवतो तो लीगच्या समान वाटपाचा पैसा. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगने १९६१ मध्ये राष्ट्रीय प्रक्षेपणाचा पैसा सगळ्यांत सारखा वाटायचं ठरवलं नसतं, तर ग्रीन बेसारखं गाव तेव्हाच बाद झालं असतं. हेही सांगायला हवं की एनएफएल आता दुसऱ्या कोणत्याही संघाला अशी मालकी ठेवू देत नाही. पॅकर्सना जुने म्हणून सूट आहे. लोकांच्या मालकीचा संघ नफ्यासाठी विकता येत नाही, दुसऱ्या गावी नेतो म्हणून शहराला धमकावता येत नाही, आणि त्याचा हिशेब झाकता येत नाही. इतर मालकांना तो अवघड वाटतो यात नवल नाही.

आपल्या राज्यातली गोष्ट सांगतो. २०२३ मध्ये महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली. सहा संघांचा लिलाव झाला. पुण्याच्या संघाला सर्वांत जास्त १४ कोटी ८० लाखांची बोली लागली, आमच्या शेजारच्या सोलापूरच्या संघाला त्याच्या निम्म्याच्या आसपास. एवढा फरक पडणं समजण्यासारखं आहे. पण त्या हंगामातले सगळे सामने पुण्याजवळ गहुंज्याला झाले. सोलापूरकराला सोलापूरचा संघ पाहायचा तर पुणे गाठायला हवं. म्हणजे बोली लावताना गावाच्या नावाची किंमत झाली, तिकिटाची आणि जाहिरातीची उलाढाल मात्र गावापर्यंत पोहोचलीच नाही. आमच्या तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता, आणि त्याच वर्षी चेन्नई सुपर किंग्जने त्याला दीड कोटीला घेतलं. गुणवान मुलगा बाहेर जाणारच आणि त्याने जावंच. ज्या जिल्ह्याने तो घडवला त्या जिल्ह्यात मागे काही राहावं, एवढीच माझी अपेक्षा आहे.

तुमच्या लीगलाही आतापर्यंत घरचं मैदान नाही. दोन्ही हंगाम एकेका शहरात पार पडले. प्रक्षेपणाचा खर्च वाचतो, हे कारण मला मान्य आहे. पण त्यामुळे संघमालकाला तिकिटाचा पैसा नाही, गावातला प्रायोजक नाही, आणि गावाला संघ आपला वाटावा असं काही हाती लागत नाही.

आता धाराशिवच्या महिला संघाचा हिशेब. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. तुमच्याकडचे जाणकार ते दुरुस्त करतील.

तुमच्या पहिल्या हंगामात खेळाडूंच्या चार श्रेणी होत्या. वरच्या श्रेणीला ५ लाख, मग ३ लाख, दीड लाख आणि १ लाख. संघात २४ खेळाडू. सगळे वरच्या श्रेणीतले धरले तरी पगाराचा आकडा १ कोटी २० लाखांच्या पुढे जात नाही. क्रिकेटमध्ये एका नवख्या गोलंदाजाला याहून जास्त मिळतात. खो-खो हा स्वस्तात चालणारा खेळ आहे आणि लहान गावाचं सगळं बळ त्यातच आहे. आमच्या संघात १५ मुली धरू, विश्वचषकाच्या संघात होत्या तेवढ्या. प्रत्येकीला सरासरी ३ लाख, म्हणजे ४५ लाख. यापेक्षा कमी देऊन संघ उभा करू नये असं माझं ठाम मत आहे. एकवेळ जेवून देशासाठी खेळण्याचे दिवस पुन्हा कोणावर येता कामा नयेत. मुख्य आणि सहायक प्रशिक्षक, फिजिओ, व्यवस्थापक यांचे २० लाख. प्रवास, मुक्काम आणि वर्षभराची खानावळ २५ लाख. मॅट, बूट, कपडे, औषधपाणी, विमा १० लाख. घरचे पाच सामने, प्रत्येकी ४ लाख, म्हणजे २० लाख. बेरीज १ कोटी २० लाख.

जमेची बाजू. नवं स्टेडियम मागत नाही. शहरात तुळजाभवानी जिल्हा क्रीडा संकुल आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र केसरीची कुस्ती धाराशिवात झाली, तेव्हा लोक खेळ बघायला येतात की नाही हा प्रश्न मिटला. तात्पुरत्या गॅलऱ्या लावून तीन हजार माणसं बसवू. तिकीट ५० रुपये. पाचही सामने भरले तरी साडेसात लाख. तिकिटातून संघ चालतो हा समज इथेच संपतो. गावातल्या जाहिराती म्हणजे साखर कारखाने, पतसंस्था, बियाणं-खतवाले, भूम-कुंथलगिरीकडचे खवा-पेढेवाले, तुळजापूरचे लॉजवाले. त्यांच्याकडून २५ लाख जमवणं कष्टाचं आहे, पण होण्यासारखं आहे. भागभांडवल ५०० रुपयांचा एक भाग असं वीस हजार लोकांकडून उभं केलं तर १ कोटी. जिल्ह्याच्या लोकसंख्येत हे प्रमाण ऐंशीपेक्षा जास्त माणसांत एक. हा पैसा पगारात उडवायचा नाही, ठेवीत ठेवायचा. सात टक्क्यांनी वर्षाचे ७ लाख. सगळी जमा मिळून साडेएकोणचाळीस लाख.

म्हणजे वर्षाला ८० लाखांची तूट. ती लपवण्यात अर्थ नाही. जगातलं कोणतंही लहान गाव ही तूट आपल्या बळावर भरून काढत नाही. सॅक्रामेंटो नाही आणि ग्रीन बेही नाही. ही रक्कम लीगच्या मध्यवर्ती उत्पन्नातून समान वाटपाने यावी लागते. सहा संघांची लीग धरली तर त्यासाठी वर्षाला पाच कोटींच्या आत रक्कम लागेल. प्रो कबड्डीच्या प्रक्षेपण हक्कांना २०२१ च्या करारात पाच वर्षांचे ९०८ कोटी मिळाले, म्हणजे वर्षाला १८० कोटींच्या वर. खो-खो तिथे आज नाही, पण कबड्डीही दहा-बारा वर्षांपूर्वी तिथे नव्हती. तुमच्या पहिल्या हंगामात विजेत्याला १ कोटीचं बक्षीस होतं. बक्षिसावर लहान संघाला वर्षाचा हिशेब मांडता येत नाही, कारण ते एकालाच मिळतं. त्यातला मोठा भाग सगळ्या संघांत सारखा वाटा आणि विजेत्याला मानाचा चषक व थोडी कमी रक्कम द्या. खेळाची चुरस कमी होणार नाही. वर्षाच्या शेवटी संघ जिवंत राहतील.

लोकांच्या मालकीची कल्पना आमच्याकडे नवी नाही. उसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या घरात कारखान्याच्या भागाचं प्रमाणपत्र असतंच. सभासदत्व, वार्षिक सभा, संचालकांची निवडणूक हे सगळं आमच्या लोकांना पाठ आहे. त्याचे तोटेही माहीत आहेत. ढोकीचा तेरणा कारखाना वर्षानुवर्षं बंद राहिला आणि अखेर भाड्याने द्यावा लागला. संचालक मंडळात राजकारण शिरलं की सभासदाच्या हातात कागद तेवढा उरतो, हे या जिल्ह्याइतकं कोणाला कळणार. म्हणून संघाच्या घटनेत काही गोष्टी पहिल्याच दिवशी लिहून ठेवाव्या लागतील. एका माणसाकडे ठरावीक मर्यादेपलीकडे भाग नको. आमदार, खासदार, जिल्हा परिषदेचे पदाधिकारी संचालक नकोत, त्यांनी गॅलरीत बसून टाळ्या वाजवाव्यात. ठेव मोडायची तर सर्वसाधारण सभेच्या दोन-तृतीयांश मतांशिवाय मोडता येऊ नये. दरवर्षी हिशेब गावच्या चावडीवर लागावा, खेळाडूंच्या पगारासकट. आणि संचालक मंडळात किमान दोन जागा जुन्या खेळाडूंच्या असाव्यात. सारिकासारख्या मुलीला पैशांची ओढाताण कोणी समजावून सांगावी लागणार नाही.

सार्वजनिक मालकी तुमच्या लीगला परकी नाही, हेही लक्षात आणून देतो. ओडिशा जगरनॉट्स हा संघ ओडिशा सरकारने उभा केला. पहिल्याच हंगामात तो विजेता ठरला, आणि दुसरा हंगाम कटकला झाला. सरकारच्या मालकीत माझा जीव पूर्ण रमत नाही, कारण सरकार बदलतं आणि प्राधान्यक्रमही बदलतो. पण मालक खाजगी कंपनीच असायला हवा हा नियम तुम्ही तिथे मोडलात आणि लीगचं काही बिघडलं नाही. एक पाऊल पुढे टाकून वीस हजार भागधारकांच्या संस्थेला दार उघडा.

वेळापत्रकाबद्दल एक स्थानिक सूचना. शारदीय नवरात्रापासून कोजागरीपर्यंत तुळजापूरच्या वाटा पायी येणाऱ्या भाविकांनी भरलेल्या असतात. लॉजमध्ये खोली मिळत नाही आणि सगळा पोलीस बंदोबस्त तिकडे असतो. त्या दिवसांत घरचे सामने ठेवू नका. जानेवारी-फेब्रुवारी ठेवा. खरिपाचा पैसा हातात आलेला असतो, ऊस कारखान्याला जात असतो, हवा थंड असते. परंडा-भूमपासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंतची माणसं तेव्हा मुलीबाळींना घेऊन शहरात येऊ शकतात. शाळांच्या सहली तर मीच म्हणतो मोफत सोडा. पन्नास रुपयांच्या तिकिटाने संघ चालत नाही हे वर दिसलंच आहे, मग रिकाम्या खुर्चीपेक्षा तिथे कळंबची एखादी सातवीतली मुलगी बसलेली बरी.

आमच्याकडून काय व्हायला हवं तेही लिहितो. जिल्ह्यातल्या लोकांनी आधी भागाचे पैसे जमवावेत. तुमच्या होकाराची वाट बघत बसू नये. वीस हजार नावं आणि १ कोटीची ठेव तयार असेल, तरच तुमच्याशी बोलण्याला वजन येईल. दहा हजारही जमले नाहीत, तर आम्हाला संघ नको असं समजा. तो निकाल मी मान्य करेन. सॅक्रामेंटोनेही आधी गुंतवणूकदार आणि स्टेडियमचा आराखडा टेबलावर ठेवला, मगच मतदान झालं.

तुमच्याकडून मागणं असं. महिला लीगची घोषणा करताना मध्यवर्ती उत्पन्नातला किती हिस्सा संघांत समान वाटणार, तो आकडा आधी जाहीर करा. संघासाठी प्रवेशशुल्क शहराच्या बाजारपेठेनुसार ठेवा, सगळ्यांना एकच रक्कम लावली तर महानगरांशिवाय कोणी येणार नाही. निदान दोन घरचे सामने प्रत्येक संघाला त्याच्या गावात खेळू द्या, मग पुढे पाच करू. खेळाडूंच्या निवडीत प्रत्येक संघाला आपल्या भागातल्या दोन-तीन मुली आधी राखून ठेवण्याची मुभा द्या. आणि सभासदांच्या मालकीची संस्था बोलीला पात्र आहे असं एक वाक्य निविदेत घाला. ते वाक्य असेल त्या दिवसापासून इथे भागांच्या पावत्या फाडायला सुरुवात करता येईल.

उत्तराची वाट पाहतो. जिल्ह्यात यायचं ठरवलंत तर सकाळी लवकर या, मुली सहाच्या आधी मैदानावर असतात.

आपला,
धाराशिवचा एक खो-खोप्रेमी